फेराला प्रेक्षक नसतात

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. जुळे सोलापुरातील तुमच्या सोसायटीत यंदा नवरात्रात भोंडला करायचे ठरले असून त्याची जबाबदारी तुझ्यावर आली आहे, आणि इमारतीत तेलुगू व कन्नड बोलणारी घरे बरीच असल्यामुळे त्याच अंगणात बतुकम्मा, म्हणजे तेलुगू बायकांचा फुलांचा सण, तीही मांडावी असे तुझ्या मनात आहे, हे वाचून फार आनंद झाला. मंडप केवढा घ्यावा, ध्वनिवर्धक लागेल का आणि बक्षिसे कोणती ठेवावीत, असे तू विचारले आहेस. यांपैकी काहीही ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि त्याची कारणे सविस्तर लिहिते.

भोंडला काय किंवा बतुकम्मा काय, दोन्हींत बायका मध्यभागी काहीतरी मांडतात आणि त्याच्याभोवती फेर धरतात. आपल्याकडे पाटावर हत्ती असतो, त्यांच्याकडे फुलांची उतरंड असते. फेरात प्रत्येकीचे तोंड आतल्या बाजूला असते आणि बाहेर बसून पाहणारे कोणी नसते. रंगमंच उभारला की सारख्या रंगाच्या साड्या नेसलेल्या दहाजणी नाचतात, बाकीच्या खुर्च्यांवर बसून मोबाइलवर चित्रीकरण करतात, आणि जिचा आवाज जरा चिरका आहे ती गप्प होते. बहुधा सगळी गाणी पाठ असणारी तीच असते. बायका जास्त जमल्या तर एकात एक असे दोन फेर धरा, पण कोणालाही खुर्ची देऊ नका. गुडघे दुखणाऱ्या आजींना मात्र पाटाजवळ, फेराच्या आत बसवा. त्यांनी गाणे सांगावे आणि बाकीच्यांनी ते उचलावे.

पाटावर हत्ती काढताना मुलींना तो का काढतात हे अवश्य सांग. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सूर्य हस्त नक्षत्रात जातो, आणि त्या नक्षत्राचा पाऊस म्हणजे हत्तीचा पाऊस. आपला जिल्हा रब्बीचा. मंगळवेढ्याच्या काळ्या रानातील मालदांडी ज्वारी पेरली जाते ती परतीच्या पावसाच्या ओलीवर, आणि ती ओल नसली तर वर्षभराची भाकरी अवघड होते. हा खेळ सोलापूरकर बाईच्या पोटापाण्याशी असा जोडलेला आहे. हादग्याची, म्हणजे भोंडल्याचीच, जुनी रीत सोळा दिवसांची, पहिल्या दिवशी एक गाणे आणि मग रोज एकेक वाढते. तुम्हाला तेवढे जमणार नाही, पण एकाच संध्याकाळी सगळे उरकून टाकण्यापेक्षा तीन संध्याकाळी घ्या आणि गाणी वाढवत न्या, म्हणजे लहान मुलींची ती आपोआप पाठ होतील.

बतुकम्मा पितृ अमावास्येला सुरू होते आणि नवव्या दिवशी, दुर्गाष्टमीच्या सुमारास, 'सद्दुला बतुकम्मा' होऊन संपते. तेलंगणात २०१४ पासून तो राज्याचा उत्सव आहे; आपल्याकडे मात्र सोलापूरच्या पूर्व भागात, साखर पेठ, भद्रावती पेठ इथे, तेलुगू विणकरांच्या घरांनी तो पिढ्यान्‌पिढ्या स्वतःच्या हिमतीवर सांभाळला. बतुकम्मासाठी बाजारातून नुसता झेंडू आणून भागवू नकोस. तेलुगू बायका ज्याला तंगेडु म्हणतात तो आपला पिवळा तरवड, आणि गुनुगु म्हणजे शेताच्या बांधावरचा कुरडू. दोन्ही सोलापूरच्या आसपास माळावर न पेरता उगवतात आणि नेमके याच दिवसांत फुलतात. सकाळी मुलींना घेऊन तिकडे जा, आणि झाड ओरबाडून न काढता हवी तेवढीच फुले खुडायला त्यांना शिकव.

मग दुपारी ती रचायला बसा. पितळी ताटात भोपळ्याची पाने अंथरायची, त्यावर देठ आत आणि फूल बाहेर अशी एक गोल रांग लावायची, मधली पोकळी चिरलेल्या पाल्याने दाबून भरायची, मग त्यावर जरा लहान दुसरी रांग. कुरडूचे पांढरे तुरे रंगाच्या पाण्यात बुडवून गुलाबी, निळे करतात. पोकळी सैल राहिली तर तिसऱ्या-चौथ्या थरालाच सगळे एका बाजूला कलते, म्हणून पाला भरण्याचे काम अनुभवी हाताकडेच दे. शेवटी शेंड्यावर हळदीची गौरम्मा, म्हणजे गौर. यात अख्खी दुपार जाते, आणि माझ्या दृष्टीने खरा मेळावा तोच. हात कामात गुंतलेले असले की बायका मनातले बोलतात. 'विचारमंथन' म्हणून तू वक्त्या बोलावणार होतीस, ते रद्द कर. भोंडल्याच्या गाण्यांत सासरचा जाच आहे, माहेरची ओढ आहे, रुसवे आहेत. बतुकम्माच्या गाण्यांत ओळीओळीला 'उय्यालो' म्हणत बायका आपल्या घरादाराची सुखदुःखे सांगतात. स्वतःचे नाव न घेता स्वतःचे बोलण्याची ही सोय कोणत्याही भाषणात नाही. गाणी संपल्यावर अर्धा तास तसेच बसा, दुसरा कार्यक्रम लावू नका.

बतुकम्माचा सहावा दिवस रुसव्याचा असतो, त्या दिवशी तिला नैवेद्य नसतो. या रीतीचा मला फार आदर वाटतो. तुमच्या वेळापत्रकातही त्या दिवशी काहीही ठेवू नका.

आता दोन गोष्टी आग्रहाने सांगते. पहिली गोष्ट विधवा बायकांची. हळदीकुंकवाने सुरुवात केलीस की त्या पहिल्याच क्षणी बाजूला होतात. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर गावांना तो मार्ग घेण्यास सांगितले. त्यामागे आपल्याच जिल्ह्यातील करमाळ्याच्या प्रमोद झिंजाडे यांचे प्रयत्न होते. परंतु परिपत्रकाने अंगणातला संकोच जात नाही. तू करंडा पाटाजवळ ठेव, जिला हवे ती स्वतः लावेल, आणि पाटाची पूजा वयाने सर्वांत मोठ्या असलेल्या बाईच्या हातून कर, मग ती कोणीही असो. विधवा बाईला निमंत्रण द्यायला मात्र तू स्वतः तिच्या घरी जा. व्हॉट्सअ‍ॅपच्या निरोपावर ती येणार नाही, कारण तो आपल्यासाठी आहे असे तिला वाटतच नाही.

दुसरी गोष्ट तुमच्या इमारतीत धुणीभांडी करणाऱ्या बायकांची. त्यांच्यापैकी पूर्व भागातून येणाऱ्या कित्येकींना बतुकम्माची गाणी तोंडपाठ असतील, आणि काहींच्या घरी विड्या वळण्याचे कामही असेल. त्यांना पाहुण्या म्हणून बोलाव, वेळ त्यांना विचारून ठरव, आणि त्या संध्याकाळी प्रत्येकीने आपले ताट आपणच घासायचे असा नियम कर. हे जमणार नसेल तर त्यांच्याकडून गाणी शिकून घेण्याचा आपल्याला अधिकार नाही.

जेवण केटररला देऊ नका. भोंडल्याची खिरापत झाकलेल्या डब्यातच यायला हवी. डबा हलवून, 'तिखट की गोड' विचारून, चुकत माकत ओळखण्यात निम्मी मजा आहे. मराठी घरांनी वाटली डाळ करावी, कन्नड घरांनी शेंगा होळिगे, म्हणजे आपली शेंगापोळी, जी कितीही केली तरी पुरत नाही. शेवटच्या दिवशी तेलुगू घरांकडे सद्दीचे, म्हणजे त्या दिवशीच्या नैवेद्याचे, भात असतील: चिंचेचा, लिंबाचा, खोबऱ्याचा, तिळाचा आणि दहीभात. मराठी खिरापत तेलुगू बायकांनी ओळखावी आणि त्यांची मराठी बायकांनी. पंगत जमिनीवर बसवा, आणि वाढणाऱ्या दर पदार्थाला बदलत राहा, म्हणजे कोणी एकटी शेवटी गार जेवणार नाही.

विसर्जनासाठी सिद्धेश्वर तलावाकडे गर्दी करण्याची गरज नाही. मोठ्या घंगाळात पाणी भरा, बतुकम्मा त्यात सोडा आणि दुसऱ्या दिवशी तो पालाफुलोरा सोसायटीच्या झाडांना घाला.

पितृ अमावास्येच्या आधीच फुलांची माहिती असणाऱ्या एकीला गाठून ठेव, आयत्या वेळी तरवड कुठे मिळतो हे कोणी सांगत नाही. चिंचेच्या भाताचा कोळ आदल्या रात्री फोडणी देऊन आटवून ठेवायचा, आणि दहीभात आंबू नये म्हणून तो दुधात कालवून वर चमचाभर दही घालायचे. भाताची दोन मोठी पातेली माझ्याकडे आहेत, ती रिक्षाने पाठवून देईन. दिवस नक्की झाला की कळव.

तुझी,
बाई