खांद्याखालची डबी

प्रश्न : माझं वय ६३. नाडी मंद पडून चक्कर यायची, म्हणून दोन महिन्यांपूर्वी पेसमेकर बसवला. चक्कर थांबली, पण डाव्या खांद्याखाली छातीवर टेंगूळ दिसतं. कुशीवर वळलं की ते सरकल्यासारखं वाटतं, ब्राचा पट्टा नेमका तिथेच घासतो. हात वर जाईल या भीतीनं वेणीसुद्धा सून घालते. रात्री सारखी चाचपून बघते, जागेवर आहे ना म्हणून. शेजारीण म्हणते, यानं झटके बसतात. हे असंच राहणार का? – एक वाचक, कराड

उत्तर : ताई, आधी वेणीचं बोलू. पहिले ४ ते ६ आठवडे कोपर खांद्याच्या वर न्यायचं नाही, कारण शिरेतून हृदयात सोडलेल्या तारेचं टोक तिथे रुजायला तेवढा वेळ लागतो. तुमची मुदत उलटली. तपासणीत सगळं ठीक निघालं असेल, तर डॉक्टरांना एकदा विचारा आणि फणी हातात घ्या. हात पोटाशी धरून बसलं की खांदा आखडतो. वॉर्डात मी पेसमेकरनं नव्हे, आखडलेल्या खांद्यानं रडणाऱ्या बायका पुष्कळ पाहिल्या. भिंतीवर बोटं टेकवून रोज थोडी वर चढवा, दुखलं की थांबा.

चाचपणं मात्र आजपासून बंद. डबी कातडीखालच्या खिशात असते. ती सारखी फिरवली तर तारा पिळल्या जातात, टोक सुटूही शकतं. नुसतं कुशीवर वळल्यानं तसं होत नाही. सूज उतरल्यावर कडा उलट जास्तच हाताला लागतात, बारीक अंगाच्या बायकांना तर फारच. व्रणाभोवती बधिरपणा आणि मधूनच खाज काही महिने राहते. मलाही पेसमेकर आहे. छातीशी पातळ उशी धरून मी पुन्हा डाव्या कुशीवर झोपायला लागले.

पट्ट्याखाली जुन्या सुती धोतराची घडी ठेवा. नवी ब्रा घ्याल ती रुंद पट्ट्याची, पुढून हुकांची घ्या. पदराची पिन खांद्याच्या मागच्या बाजूला लावा, पर्स उजवीकडे.

शेजारीणबाई म्हणतात ते यंत्र वेगळं. जीवघेण्या वेगानं धावणाऱ्या हृदयाला झटका देतं ते आयसीडी. पेसमेकरचा इशारा इतका सौम्य असतो की तो सहसा कळतच नाही. कळतो तो तुमचाच ठोका. मंद नाडीची सवय झालेल्या अंगाला नेहमीची गतीसुद्धा सुरुवातीला धडधड वाटते.

घाबरलेल्या पेशंटना मी आर्ने लार्सनची गोष्ट सांगायची. १९५८ साली स्वीडनमध्ये शरीराच्या आत पेसमेकर बसवलेला हा पहिला माणूस. ते यंत्र म्हणे बूटपॉलिशच्या डबीत ओतून घडवलं होतं, आणि काही तासांतच बंद पडलं! पुढे कितीतरी यंत्रं बदलत तो २००१ पर्यंत, ८६ वर्षं जगला. तुमची डबी साधारण २५-३० ग्रॅमची असेल.

मोबाइल ब्लाउजमध्ये खोचू नका, वीतभर लांबच बरा. इंडक्शन शेगडीपासून दोन फूट अंतर ठेवा. गॅस, मिक्सर बिनधास्त वापरा.

व्रण लाल किंवा गरम झाला, पाणी आलं, ताप आला, वरची कातडी पातळ आणि चकचकीत दिसू लागली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. पुढच्या तपासणीची वाट बघू नका. पुन्हा चक्कर आली तरी तेच. आणि उचकी थांबेना किंवा बरगडीखाली तालात काही उडायला लागलं, तर तेही लगेच सांगा. तार छाती-पोटामधल्या श्वासाच्या पडद्याच्या नसेला डिवचत असते. बऱ्याचदा चिरफाड न करता, बाहेरून सेटिंग बदलून काम भागतं.