‘चिरडीस आणणे’ म्हणजे चिडवणे का?

प्रश्न असा आहे: बायबलच्या नव्या करारातल्या इफिसकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात ‘बापांनो, तुम्ही आपल्या मुलांना चिरडीस आणू नका’ असं वाक्य येतं. हे ‘चिरडणे’ आहे का? की नुसतं चिडवणं?

दोन्ही नाही. चिरडणे म्हणजे पायाखाली, चाकाखाली भरडून टाकणे. तो अर्थ इथे लागू होत नाही. चिडवणं गमतीतही चालतं, भावंडं दिवसभर एकमेकांना चिडवतात. ‘चिरडीस येणे’ मात्र रडकुंडीस येणे, मेटाकुटीस येणे, काकुळतीस येणे यांच्या पंगतीतलं. सोसता सोसता माणूस एका टोकाला पोचतो, आणि ‘आणणे’ म्हटलं की त्याला तिथे पोचवणारा दुसरा कुणीतरी असतो.

घरातलंच पाहू. रविवारी सकाळी उपासनेला निघायची घाई आहे. सहा वर्षांचा मुलगा स्वतः दूध ओतून घ्यायला जातो आणि अर्धं दूध ओट्यावरून खाली, नव्या शर्टावर. “फडकं आण, पूस” एवढ्यावर हे संपू शकतं. पण आपण म्हणतो, “किती वेळा सांगितलं? परवा पण हेच केलंस. ताई बघ कशी वागते.” मग रिक्षात तेच, आणि चर्चच्या दारात मावशी भेटल्या की त्यांनाही तेच. मूल शेवटी पाय आपटतं, उलट बोलतं, आणि आपण म्हणतो, ‘बघा, किती उद्धट!’ ते चिरडीस आलेलं असतं, आणि आणलेलं आपणच असतं.

मूळ ग्रीक क्रियापदाचा अर्थही रागास प्रवृत्त करणे असाच आहे. रोमी कायद्यात बापाला मुलांवर जवळजवळ अमर्याद अधिकार होता. त्या काळात ‘मुलांनो, आज्ञेत राहा’ असं सांगून झाल्यावर लगेच बापालाही आवरणं ही साधी गोष्ट नव्हे. आयांनी मात्र सुटकेचा नि:श्वास टाकू नये: इथे ‘बापांनो’साठी असलेला ‘पातेरेस’ हाच ग्रीक शब्द इब्री लोकांस पत्रात (११:२३) मोशेच्या आईबापांसाठी मिळून वापरला आहे.

कलस्सैकरांस पत्रात (३:२१) हाच उपदेश ‘खिन्न होऊ नयेत म्हणून’ असं कारण देऊन येतो. ‘खिन्न’ इथे मला थोडा फिका वाटतो. ग्रीक शब्दात उमेद खचण्याचा अर्थ आहे. चिरडीस आलेलं मूल निदान भांडतं तरी. उमेद खचलेलं मूल पुन्हा दुधाच्या पातेल्याला हातच लावत नाही, आणि ते शहाणं झालं असं आपण समजतो. हे मला जास्त काळजीचं वाटतं.

यात लाड करा असं कुठेही म्हटलेलं नाही. वाक्याचा उत्तरार्धच ‘प्रभूच्या शिस्तीत व शिक्षणात त्यांना वाढवा’ असा आहे. बायबलच्या ‘नीतिसूत्रे’ या पुस्तकातली मुलांना शिस्त लावणारी छडी आपल्याकडे सर्वांना पाठ असते, हे वाक्य फार थोड्यांना. याकोबाच्या पत्रात वरून येणाऱ्या ज्ञानाची लक्षणं सांगताना ‘सौम्य’ हा शब्द येतो. कुठल्या वाक्यानंतर थांबायचं हे कळणं त्याच ज्ञानात मोडतं, असं मी मानते.

वापरायचं कसं? मूल चिरडीस (बोलताना चिरडीला) येतं, आपण त्याला चिरडीस आणतो. ‘चिरडीस करणे’ असं रूप मात्र नाही.