बगॅस बॉयलरवरच्या बॅग फिल्टरची पायलट चाचणी कितपत धरावी?

तुम्ही विचारलंय, साखर कारखान्याच्या बगॅस (उसाचा चोथा) जाळणाऱ्या बॉयलरवर पुरवठादाराने चाचणीपुरता छोटा (पायलट) बॅग फिल्टर, म्हणजे कापडी पिशव्यांतून धूर गाळणारं यंत्र, लावून पंधरा दिवस चालवला, धूळ घनमीटरला १५० मिलिग्रॅमच्या मर्यादेच्या बरीच खाली आली, तर मोठ्याची ऑर्डर द्यावी का?

इतक्यात नको. बॅगा धड असतील तर धूळ कमी येणारच, त्यात नवल नाही. बॅगांवरचा दाबफरक (कापडाच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक) रोज किती चढला आणि पल्स, म्हणजे राख झटकायला दाबाच्या हवेचा झटका, मारल्यावर पुन्हा उतरला का, ते बघा. बॅगा मरतात त्या तिथे.

बगॅसमध्ये निम्मं पाणी. त्यामुळे धुरातली वाफ साधारण ६०-६५ अंशांलाच पाणी व्हायला लागते. मुख्य डक्टमध्ये (धुराच्या मोठ्या नळीत) १५० अंश असतात, तिथे चिंता नाही. पण दोन मीटरच्या डक्टमधून दोनशे मिलिमीटरच्या पाइपाने धूर काढला की तेवढ्याच धुरामागे थंड होणारा पत्रा दहापट. आमच्या पायलटला मिल बंद पडल्यावर रात्री हॉपरचा (बॅगांखाली राख साठते त्या भागाचा) हीटर कुणी लावलाच नाही. सकाळी झाकण उघडलं तर बॅगांवर काळ्या राखेचा गिलावा, नखाने खरवडला तरी निघेना. दोष फिल्टरचा नव्हता, पाइपाचा आणि आमचा होता. याच्या उलटही होतं. पाइप वाकडातिकडा असला, किंवा धूर ओढायचा वेग मुख्य डक्टमधल्या वेगापेक्षा जास्त असला, तर जड कण आणि पेटते निखारे पायलटपर्यंत पोचतच नाहीत. पंधरा दिवस एकही बॅग जळत नाही, सगळे खूश. मोठ्या फिल्टरवर मात्र ते निखारे थेट येतात. त्यामुळे आधी सायक्लोन (धूर गरगर फिरवून जड कण बाजूला काढणारं यंत्र) ठेवणार का, हे लेखी घ्या.

बॅगांची लांबीही विचारा. पायलटला तीन मीटरच्या आणि मोठ्याला सहाच्या असतील, तर तेवढ्याच अंतरावर बसवलेल्या बॅगांमधून वर चढणाऱ्या धुराचा वेग दुप्पट होतो. झटकलेली बारीक राख हॉपरमध्ये न पडता पुन्हा कापडावर बसते. कापडाचं क्षेत्रफळ प्रमाणात वाढवलंय, एवढंच सांगून पुरवठादार मोकळे होतात.

मी तुमच्या जागी असतो तर त्या पंधरा दिवसांतली मिल थांबली-सुरू झाली तेव्हाची तापमानाची आणि दाबाची नोंद मागितली असती. थांबलीच नसेल, तर पायलट अजून महिनाभर राहू द्या, आणि एकदा मुद्दाम ओला बगॅस जाळून बघा.