ओळ अडते ती कुठे? गीतलेखनावर वाचकांचे प्रश्न

गावोगावच्या गीतलेखन मंडळांतून आलेल्या पत्रांपैकी सहा प्रश्न या वेळी घेतले आहेत. नावं मुद्दाम छापलेली नाहीत, कारण बहुतेक तक्रारी मंडळातल्याच कुणाबद्दल आहेत.

प्रश्न : माझ्या गीताच्या प्रत्येक ओळीत १६ मात्रा आहेत, दोनदा मोजल्यात. तरी चाल लावणारा मुलगा म्हणतो, "काका, ओळ अडते." मग अडतं कुठे? (सांगली)

मात्रा म्हणजे अक्षर म्हणायला लागणाऱ्या वेळाचं माप : ऱ्हस्वाची एक, दीर्घाच्या दोन. बेरीज बरोबर असेल, पण तोड, म्हणजे ओळीचे तुकडे पडतात ती जागा, चुकलेली असणार. ही ओळ बघा : ‘गावावर उतरली रात ही’. गा-वा-व-र-उ-त (२+२+१+१+१+१) म्हणजे ८, पुढे र-ली-रा-त-ही (१+२+२+१+२) म्हणजे ८. एकूण १६. कागदावर खोट काढायला जागा नाही. आता केरव्यात, म्हणजे आठ मात्रांच्या तालात, एका मात्रेला एक ठोका धरून म्हणा. सम म्हणजे तालाची पहिली, जोराची मात्रा. दुसरी सम ‘उतरली’च्या पोटात, बरोबर ‘र’वर येते : ‘गावावर उत, रली रात ही’. ऐकणाऱ्याला आधी ‘उत’ ऐकू येतं, मग ‘रली’.

तीच गोष्ट अशी लिहा : ‘रात उतरली गावावरती’. रात उतरली ८, गावावरती ८. पहिली सम ‘रा’वर, दुसरी ‘गा’वर, दोन्ही शब्दांच्या तोंडाशी आणि दोन्ही दीर्घ. पुढची ओळ ‘दिवे लागले दारोदारी’ घेतली तर तीही ८ आणि ८. तिथे ‘दिवे लागले घरोघरी’ असतं तर दुसरा तुकडा ६ मात्रांचा झाला असता. गायक ‘री’ दोन मात्रा ओढून वेळ मारून नेईल. एखाद्या ओळीत ते खपतं, दर कडव्यात खपत नाही.

मोजताना नेहमी घोळ होणाऱ्या जागा : अ, इ, उ, ऋ यांची एक मात्रा, बाकी स्वरांच्या दोन. उच्चारात येणारा अनुस्वार असेल तर दोन. जोडाक्षराचा आघात मागच्या अक्षरावर येत असेल तर ते मागचं अक्षर दोन मात्रांचं होतं, म्हणून ‘सत्य’मधला ‘स’ दोनचा. पण ‘तुम्ही’मधल्या ‘तु’वर आघात येत नाही, तो एकच मात्रेचा, ‘दुसऱ्या’मधल्या ‘स’चंही तेच. शाळेत शिकवलेला नियम डोळ्यांनी लावला की इथे हमखास चुकतं, तो कानानेच लावायचा. ‘रात’मधला ‘त’ बोलताना आपण गिळतो, गाण्यात त्याची एक मात्रा मोजायचीच.

एक सूचना. ही सगळी मोजणी मात्रावृत्तासाठी. अभंगाच्या वळणाचं लिहित असाल तर तिथे अक्षरं मोजतात, मात्रा नाही : मोठ्या अभंगाच्या चार चरणांत ६-६-६-४. आणि ८-८ ची ओळ रूपक तालात बसवायला कुणी सांगितलं तर सरळ नाही म्हणा. रूपक सातचा, ३-२-२ चा. तिथे ओळ नव्यानेच लिहावी लागते.

प्रश्न : आमच्याकडे चाल आधी येते. गुणगुणलेली ऑडिओ क्लिप मिळते आणि ‘शब्द टाका’ म्हणतात. सुरुवात कशी करावी? (नाशिक)

अर्थ बाजूला ठेवून. क्लिप ऐकत प्रत्येक लांब सुराला ‘दा’ आणि आखूड सुराला ‘द’ लिहा, सम येते तिथे खाली रेघ मारा. हा सांगाडा तयार झाला की निरर्थक, म्हणजे डमी शब्द घालून चाल पाठ होईपर्यंत म्हणा. मगच खरे शब्द, आणि तेही मुखड्याच्या (गाण्याच्या सुरुवातीच्या, पुन्हा पुन्हा येणाऱ्या ओळींच्या) सर्वांत लांब सुरापासून. त्या सुरावर आ, ए, ओ असलेलं अक्षर हवं. वरच्या षड्जावर (‘सा’वर) ‘मी’ ताणताना आवाज बारीक होऊन गळा आवळतो, ‘मा’ मोकळा लागतो. तिथे ‘नि’ किंवा ‘कु’ दिलात तर गायक त्याचा ‘नी’ आणि ‘कू’ करणारच, तो दोष त्याचा नाही.

द्रुत लयीत ‘अस्तित्व’, ‘स्पर्श’, ‘निष्पर्ण’ असले शब्द टाळा. ‘अस्तित्व’ मोजायला पाच मात्रा, पण जीभ दोनदा अडते. श्वासाच्या जागाही क्लिपमध्येच असतात : गुणगुणणारा जिथे थांबलाय तिथे शब्द संपला पाहिजे. विभक्तीचा प्रत्यय पलीकडे गेला (‘नदी’ अलीकडे, ‘च्या काठी’ पलीकडे) की लोक हसतात.

प्रश्न : महिन्यातून एकदा चौदा-पंधरा जण जमतो. दोन तासांत कुणी चार गाणी म्हणतं, कुणाला संधीच मिळत नाही. अभिप्राय म्हणजे ‘वा, छान’. नाहीतर एक ज्येष्ठ सदस्य वीस मिनिटं बोलतात. बैठक मार्गावर कशी आणावी? (सोलापूर)

बहुतेक मंडळं याच दुखण्याने दोन-तीन वर्षांत बंद पडतात. उपाय आहे, पण थोडा कडक आहे.

एका बैठकीत सहाच गाणी, प्रत्येकाला १५ मिनिटं. झाले दीड तास. उरलेल्या अर्ध्या तासात चहा आणि पुढच्या महिन्याचा विषय. सहा नावं आठवडाभर आधी ठरवा. गेल्या खेपेला ज्यांचं राहिलं ते पहिले. एकाचं एकच गाणं. घड्याळ सांभाळायला त्या दिवशी गाणं नसलेला माणूस बसवा, आणि त्याला टोकायची मुभा सगळ्यांदेखत द्या.

पहिल्यांदा गाणं कागद न देता ऐकवायचं. हा नियम सोडू नका. कागद हातात आला की माणसं ऱ्हस्व-दीर्घ तपासू लागतात आणि ऐकणं संपतं. ऐकून झाल्यावर प्रत्येकाने आठवते ती ओळ लिहून ठेवायची. मग मोठ्या अक्षरातल्या प्रती वाटायच्या आणि गाणं पुन्हा ऐकायचं. चर्चा तीनच प्रश्नांवर : कुठली ओळ लक्षात राहिली? कुठे तुटलं किंवा कळेनासं झालं? गाणं कशाबद्दल आहे ते एका वाक्यात सांगता येतं का? ‘छान’ हे यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर होत नाही, त्यामुळे तो शब्द आपोआप मागे पडतो. पंधरा जणांपैकी अकरा जणांनी मुखड्याऐवजी दुसऱ्या अंतऱ्यातली (मुखड्यानंतरच्या कडव्यातली) एक ओळ लिहिली असेल, तर गाण्याचा खरा मुखडा तीच ओळ असण्याची शक्यता बरीच आहे.

सगळ्यांचं होईपर्यंत गीतकाराने गप्प बसायचं. ‘मला असं म्हणायचं होतं की…’ हे वाक्य तोंडावर आलं की ते गाण्यात यायचं राहिलंय असं समजून वहीत टिपायचं. नवे सदस्य आधी बोलतील, ज्येष्ठ शेवटी, आणि प्रत्येकाने पंधरा मिनिटांत सगळ्यांचं होईल एवढं थोडक्यात. क्रम एवढा उलटा केला तरी वीस मिनिटांचं भाषण सहसा होत नाही. आधीच्यांनी मुद्दे संपवलेले असतात आणि मानही राखला जातो.

आणखी एक, थोडं जिवावर येणारं. शक्य असेल तर गाणं दुसऱ्याने गावं. स्वतः गाताना गीतकार आखूड ओळ नकळत ओढतो, लांब ओळ घाईने कोंबतो आणि चूक झाकली जाते. दुसरा माणूस कागद बघून त्याच ठेक्यावर म्हणू लागला की तो जिथे अडखळेल तिथे पेन्सिलीने खूण करा. गायक नसेल तर मोबाईलवर तबल्याचा ठेका लावून नुसतं लयीत म्हटलं तरी चालतं. बैठकीत कुणीही दुसऱ्याची ओळ बदलून देऊ नये. ‘इथे अडतं’ एवढं सांगावं. नाहीतर शब्द नक्की कुणाचे हा वाद उभा राहतो, तोच पुढच्या प्रश्नात आहे.

प्रश्न : मुखडा माझा, दुसरा अंतरा मंडळातल्या ताईंचा, चाल तिसऱ्याची. गाणं यूट्यूबवर गेलं आणि गीतकार म्हणून माझं नावच नाही. हक्क कुणाचा? (अहिल्यानगर)

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यात शब्द आणि चाल या दोन वेगळ्या कृती आहेत, ध्वनिमुद्रण तिसरी. चाल लावल्याने कुणी शब्दांचा मालक होत नाही आणि ध्वनिमुद्रणाचा खर्च केल्याने चालीचाही नाही. शब्दांचे हक्क तुमचे आणि ताईंचे. नोंदणी सक्तीची नाही, कृती तयार झाली की हक्क आपोआप येतो. पण वाद झाला तर नोंदणीचा कागद पुरावा म्हणून कामी येतो. नाव मिळण्याचा हक्कही कायद्याने दिलेला आहे, तेव्हा आधी लेखी पत्र पाठवून श्रेय दुरुस्त करून घ्या. जुने खर्डे, तारखेसह गेलेले व्हॉट्सअ‍ॅप संदेश, पहिलं ध्वनिमुद्रण असं सगळं जपून ठेवा.

हक्क कुणाला देत असाल तर ते लेखी आणि सहीनिशी हवं : कुठले हक्क, किती काळ, कुठल्या प्रदेशात, मोबदला काय. काळ लिहिला नाही तर पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नाही तर भारत. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीतला समान वाटा करारातसुद्धा सोडून देता येत नाही. ‘सर्व हक्क कायमचे’ असा छापील कागद पुढे आला तरी हे लक्षात ठेवा. गाणी प्रसिद्ध होऊ लागली असतील तर आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या संस्थेचं सदस्यत्व घ्या.

मंडळासाठी साधा नियम : गाणं ज्या दिवशी पुरं झालं त्याच दिवशी अर्ध्या पानावर नावं, कुणाचं काय, टक्केवारी, तारीख आणि सगळ्यांच्या सह्या. गाणं चालल्यावर हा कागद करायला कुणी तयार होत नाही.

प्रश्न : जुन्या कवींच्या कवितांना चाली लावून कार्यक्रम करायचा आहे. परवानगी लागते का? (मालवण)

कवीच्या मृत्यूनंतरचं वर्ष सुरू झालं की तिथून ६० वर्षं हक्क राहतो. बालकवी १९१८ मध्ये गेले, भा. रा. तांबे १९४१ मध्ये. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या कविता मोकळ्या आहेत. कुसुमाग्रज १९९९ मध्ये गेले, त्यांचा हक्क २०५९ अखेरपर्यंत आहे, तिथे वारसांची परवानगी हवी. मात्र कविता मोकळी म्हणून तिची प्रसिद्ध चालही मोकळी असं नाही. चालीचा हक्क संगीतकाराच्या हयातीवरून मोजला जातो.

प्रश्न : दुसरा अंतरा पहिल्यासारखाच होतो. आणि संगीतकाराला डेमो (गाण्याचं कच्चं ध्वनिमुद्रण) पाठवताना काय पाठवावं? (ठाणे)

पहिल्या अंतऱ्यात जे सांगितलं तेच नव्या उपमेत सांगू नका. वेळ बदला, जागा बदला किंवा बोलणारा माणूस बदला. पहिला अंतरा वाट बघणाऱ्याचा असेल तर दुसरा उशीर करणाऱ्याचा करून बघा. शेवटची ओळ, जिला गाणारे क्रॉस लाईन म्हणतात, तिचं यमक मुखड्याशी जुळलं पाहिजे. ती सैल राहिली की मुखड्यावर परतताना धक्का बसतो. दोन्ही अंतऱ्यांची मात्रांची मांडणी सारखीच ठेवा, कारण चाल एकाच अंतऱ्यावर बांधली जाते.

डेमोला स्टुडिओ लागत नाही. पंखा बंद, फोन फ्लाईट मोडवर, तोंडापासून वीतभर अंतरावर आणि किंचित बाजूला, म्हणजे ‘प’ आणि ‘फ’चे फुत्कार थेट माइकवर येत नाहीत. रिकाम्या खोलीत आवाज घुमतो, गाद्या-कपडे असलेल्या खोलीत बसा. तानपुरा आणि साधा ठेका दुसऱ्या उपकरणावर हळू लावा. लांबलचक आलाप नको, मुखडा पहिल्या अर्ध्या मिनिटात आला पाहिजे. सोबत शब्द टाईप करून द्या, कागदाचा तिरका फोटो नको. फाईलला पहिली ओळ, तुमचं नाव आणि तारीख असं नाव द्या. ‘फायनल २ नवीन’ नावाची फाईल महिनाभराने तुम्हालाही सापडत नाही.