'पाचवा लागला' म्हणजे नक्की किती आठवडे?

प्रश्न असा आला आहे: सासूबाई म्हणतात सुनेला पाचवा लागला, सून म्हणते चार महिने झाले, आणि डॉक्टरांच्या कागदावर आहे '१७ आठवडे १ दिवस'. यांत बरोबर कोण? शिवाय 'दिवस गेले' यातले दिवस कोणते, आणि पोटातल्या जिवाला भ्रूण कधी म्हणायचे नि गर्भ कधी?

तिघेही बरोबर आहेत. एकाच दिवसाबद्दल ते तीन वेगळ्या रीतींनी बोलत आहेत, इतकेच.

'पाचवा लागला' यात 'महिना' हा शब्द गाळलेला आहे आणि संख्या क्रमवाचक आहे. लागणे म्हणजे सुरू होणे: श्रावण लागतो, मृग लागतो, नातवाला तिसरे लागते तेव्हा त्याची दोन वर्षे पुरी झालेली असतात. तसेच इथे चार महिने पुरे झाले, पाचव्याचा पहिला दिवस उजाडला. तोच महिना संपला की 'पाचवा सरला' किंवा 'पाच महिने भरले'. 'पाचवा चालू आहे' हेही स्वच्छ आहे. घोटाळा होतो तो नुसत्या 'पाचवा आहे' या उत्तराने, कारण त्यात पूर्ण महिनाभराची ढील असते.

ती ढील किती, ते तारखा घालून पाहू. शेवटच्या पाळीचा पहिला दिवस १ जानेवारी २०२५ धरा. पाचवा लागेल १ मे रोजी. तेव्हा १२० दिवस, म्हणजे १७ आठवडे १ दिवस झालेले असतील. पाचवा सरून सहावा लागेल १ जूनला. तेव्हा २१ आठवडे ४ दिवस. बाळात व्यंग आहे का हे पाहण्याची सविस्तर सोनोग्राफी साधारण १८ ते २० आठवड्यांत करतात. आपल्या उदाहरणात हा काळ ७ ते २१ मे, म्हणजे पाचवा चालू असतानाचा. 'पाच महिने झाले की सोनोग्राफी' असे ऐकून जूनमध्ये जाणारी बाई उशिरा पोचते. हा उशीर कायद्याच्या दृष्टीनेही लहान नाही. २०२१च्या दुरुस्तीनंतर वैद्यकीय गर्भपाताला २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत पुरते. २० ते २४ आठवड्यांत ठरावीक गटांतल्या स्त्रियांनाच परवानगी आहे आणि दोन डॉक्टरांचे मत लागते. त्यापुढे बाळात गंभीर व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळाकडे जावे लागते.

चार आठवड्यांचा एक महिना धरणे ही दुसरी चूक, आणि ती शिकलेल्या घरांत जास्त. त्या हिशेबाने ३६ आठवडे म्हणजे नऊ महिने भरले असे होते. प्रत्यक्षात १ सप्टेंबरला नववा लागतो तेव्हा जेमतेम ३४ आठवडे ५ दिवस झालेले असतात, आणि ३७ आठवडे पुरे व्हायला १७ सप्टेंबर उजाडतो. त्याआधीचे मूल अपुऱ्या दिवसांचे. 'नववा लागलाय, आता कधीही झाले तरी चालेल' हे वाक्य म्हणूनच धोक्याचे आहे. मोबाइलवरची ॲप आणखी एक गोंधळ घालतात: ती चालू आठवडा सांगतात, डॉक्टर पुरे झालेले लिहितात. ॲपमधला 'अठरावा आठवडा' आणि कागदावरचे '१७ आठवडे १ दिवस' एकच.

आता मोजणी सुरू कुठून होते? सगळी मेख इथे आहे. मोजणी गर्भ राहिल्यापासून होत नाही, शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून होते, कारण तेवढी एकच तारीख बाईला खात्रीने ठाऊक असते. फॉर्मवर 'शेवटच्या पाळीची तारीख' असे मोघम छापलेले असते, आणि पुष्कळ जणी पाळी संपल्याची तारीख लिहितात. चार-पाच दिवसांचा फरक तिथेच पडतो. 'शेवटची पाळी सुरू झाल्याची तारीख' असे छापले तर हा प्रश्नच उरणार नाही.

याचा अर्थ असा की पहिले दोन आठवडे कागदावर गरोदरपणाचे असले तरी पोटात काहीच नसते. आपल्या उदाहरणात, चक्र २८ दिवसांचे असेल तर, बीजकोशातून स्त्रीबीज सुटते ते १५ जानेवारीच्या सुमारास. ते जेमतेम १२ ते २४ तास टिकते. शुक्राणू मात्र शरीरात पाच दिवसांपर्यंत तग धरू शकतात, त्यामुळे संबंधाची तारीख आणि फलनाची तारीख एकच असेल असे नाही. फलन होते ते गर्भाशयात नव्हे, गर्भनलिकेत. तिथून ती फलित पेशी दुभंगत दुभंगत चौथ्या दिवसाच्या आसपास गर्भाशयात उतरते आणि सहाव्या-सातव्या दिवशी त्याच्या अस्तरात रुजू लागते. रुजणे हा शब्द मला 'रोपण'पेक्षा बरा वाटतो. रोपण कोणीतरी करावे लागते, हे आपोआप होते. नलिकेतच रुजली तर मात्र गर्भ तिथे वाढू शकत नाही. नलिका फुटून पोटात रक्तस्राव होऊ शकतो, आणि पाळी चुकल्यानंतर काही आठवड्यांत ओटीपोटात एका बाजूला कळ नि डाग दिसले तर दवाखाना गाठायचा तो याचसाठी.

रुजल्यावरच ते संप्रेरक रक्तात येते, ज्यावर लघवीची चाचणी चालते. म्हणून पाळीची तारीख, इथे २९ जानेवारी, उलटण्याआधी चाचणी केली तर 'नाही' असे खोटे उत्तर येऊ शकते. पाळी चुकली त्या दिवशी कागदोपत्री चार आठवडे झालेले असतात आणि गर्भाचे खरे वय दोनच आठवडे असते. 'अजून दोन आठवडेसुद्धा झाले नाहीत, डॉक्टर महिना कसा म्हणतात?' यावरून घराघरांत संशयाचे प्रसंग घडतात. त्यांचे उत्तर एवढेच आहे.

'दिवस' आणि त्याची क्रियापदे ही तर गंमतच आहे. 'तिला दिवस गेले' आणि 'तिला दिवस राहिले' यांत जाणे नि राहणे उलटे असूनही अर्थ एकच: गर्भ राहिला. दोन्हीकडे 'तिला' आहे. 'तिचे दिवस भरले' म्हटले की विभक्ती बदलते आणि अर्थ बाळंतपणाच्या तोंडाशी येतो. तेच वाक्य एखाद्या गुंडाबद्दल म्हटले तर त्याचा शेवट जवळ आला, आणि 'दिवस केले' म्हटले तर तो गेल्यानंतरचे विधी झाले. क्रियापद जपून वापरावे! जनावरांसाठी शब्द वेगळे आहेत: गाय गाभण असते, विते, अवेळी गाभडते. बाईबद्दल हे शब्द वापरणे शिवीसारखे लागते.

'नऊ महिने नऊ दिवस' ही केवळ लयीसाठी केलेली जोडी नाही. डॉक्टर आजही वापरतात तो नेगेले या जर्मन प्रसूतितज्ज्ञाच्या नावाचा नियम असा: पाळीच्या पहिल्या दिवसात नऊ महिने आणि सात दिवस मिळवा. १ जानेवारीवरून ८ ऑक्टोबर येतो, म्हणजे बरोबर २८० दिवस. आपल्या म्हणीने १० ऑक्टोबर. फरक दोन दिवसांचा! तिथीने मोजणाऱ्या घरांत मात्र चांद्रमास साडेएकोणतीस दिवसांचा, त्यामुळे नऊ महिने नऊ दिवस २७५ दिवसांतच भरतात. ऋग्वेदात 'दशमे मासि', दहाव्या महिन्यात प्रसूती व्हावी अशी प्रार्थना आहे. तीही चूक नाही: २८० दिवस म्हणजे साडेनऊ चांद्रमास, नववा सरून दहावा लागलेला. क्रमवाचक संख्येचा हिशेब इथेही तोच.

तारीख मिळाली म्हणून त्याच दिवशी मूल होते असे नाही. तसे शंभरात चार-पाच जणींचेच होते. चक्र ३५ दिवसांचे असेल तर बीज आठवडाभर उशिरा सुटते, आणि तारीखही आठवड्याने पुढे सरकवावी लागते. पहिल्या तिमाहीच्या सोनोग्राफीत बाळाची डोक्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी मोजून जे वय निघते ते सर्वांत भरवशाचे. पाळीच्या हिशेबाशी त्याचा आठवड्याहून जास्त फरक पडला तर सोनोग्राफीची तारीख धरतात, आणि एकदा ठरलेली तारीख पुढच्या सोनोग्राफींवरून बदलत नाहीत. नंतरच्या महिन्यांत बाळे आपापल्या चणीने वाढतात. तिथे लांबी-वजनावरून वय काढणे कच्चे.

भ्रूण आणि गर्भ. व्यवहारात दोन्ही सरमिसळ चालतात ('स्त्रीभ्रूणहत्या' हा शब्द बहुधा गर्भाच्याच अवस्थेबद्दल असतो), पण शास्त्रीय मजकुरात सीमा ठरलेली आहे. फलनानंतर आठ आठवडे, म्हणजे पाळीच्या हिशेबाने दहा आठवडे, तो भ्रूण; पुढे गर्भ. उदाहरणात ही तारीख १२ मार्च. तोवर सगळ्या अवयवांची मांडणी झालेली असते, पुढे मुख्यतः वाढ. हृदय फलनानंतर २२-२३व्या दिवशी धडधडू लागते. मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीतून घडतात ती २८व्या दिवसापर्यंत मिटते, म्हणजे पाळी चुकून अवघे दोन आठवडे झालेले असताना. म्हणूनच रोजची ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिडची गोळी गर्भ राहण्याआधीपासून घ्यायला सांगतात. तिसरा लागल्यावर ती सुरू केली तर त्या नळीपुरता उपयोग राहत नाही.

भाषांतरात हमखास दिसणारी चूक म्हणजे वार आणि नाळ यांची अदलाबदल. वार ही गर्भाशयाला चिकटलेली, भरल्या दिवसांत साधारण अर्धा किलो वजनाची चकती. नाळ ही वारेपासून बाळाच्या बेंबीपर्यंतची दोरी, सुमारे ५० सेंटिमीटर, आत दोन धमन्या आणि एक शीर. कापली जाते ती नाळ, पडते ती वार. 'वार खाली आहे' असे सोनोग्राफीत आले तर ती गर्भाशयाच्या तोंडाजवळ आहे, आणि मूल झाल्यावर अर्ध्या तासात ती पडली नाही तर 'वार अडकली' म्हणतात. ही अवस्था जीवघेण्या रक्तस्रावाची असू शकते, म्हणून अशा मजकुरात 'नाळ अडकली' असे छापून चालत नाही.