पावसाळा संपला, ग्रास कटर माळ्यावर गेला. टाकीतल्या पेट्रोलचे काय?

प्रश्न : रत्नागिरी तालुक्यात आमची आंबा-काजूची बाग आहे. बेणणीसाठी दोन टू-स्ट्रोक ग्रास कटर घेतले आहेत. ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत त्यांना उसंत नसते आणि त्यानंतर ती यंत्रे थेट पुढच्या पावसाळ्यातच बाहेर निघतात. सलग दोन वर्षे ती सुरूच झाली नाहीत आणि दोन्ही वेळा मेस्त्रीने कार्बोरेटर (इंजिनासाठी पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) उघडून साफ केला. आता एका परिचिताने फ्युएल स्टॅबिलायझरची, म्हणजे पेट्रोल टिकवणाऱ्या रसायनाची, बाटली आणण्यास सुचवले आहे. ते टाकून टाकी भरलेली ठेवली तर चालेल का?

उत्तर : चालेल, परंतु तुमच्या यंत्रांसाठी त्याहून सोपा आणि फुकटचा उपाय उपलब्ध आहे, तो म्हणजे टाकी रिकामी ठेवणे. असे का म्हणतो, ते समजण्यासाठी साठवलेल्या पेट्रोलमध्ये काय घडते हे आधी पाहू.

पेट्रोल हा एकच एक पदार्थ नसून शेकडो हायड्रोकार्बनांचे मिश्रण असते. त्यातील हलके घटक साध्या तापमानालाही उडून जातात, आणि थंड इंजिन दोरीच्या पहिल्या-दुसऱ्या ओढीत पेटते ते याच घटकांमुळे. ते उडून गेले की उरलेले पेट्रोल जळते खरे, पण पेटायला कुरकुर करते. दुसरी क्रिया अधिक त्रासदायक आहे. पेट्रोलमधील काही घटक हवेतील ऑक्सिजनशी हळूहळू संयोग पावतात आणि त्यातून डिंकासारखा चिकट पदार्थ तयार होतो. कार्बोरेटरमध्ये ज्यातून पेट्रोल येते त्या जेटचे छिद्र एक मिलिमीटरहूनही बारीक असते, त्यामुळे पिवळसर-तपकिरी डिंकाचा पातळसा थरसुद्धा ते बुजवण्यास पुरेसा ठरतो. एप्रिल-मे महिन्यांत तापलेल्या पत्र्याखाली या दोन्ही क्रियांना वेग येतो. छोट्या इंजिनांच्या अनेक माहितीपुस्तिकांत एक महिन्याहून जुने पेट्रोल वापरू नये असे सांगितलेले असते, आणि तुमची यंत्रे तर सात-आठ महिने पडून राहतात.

फ्युएल स्टॅबिलायझरमध्ये मुख्यतः ऑक्सिडीकरण, म्हणजे ऑक्सिजनशी होणारा हा संयोग, रोखणारी रसायने असतात. काही उत्पादनांत तांब्यासारख्या धातूंचा या क्रियेला मिळणारा हातभार थांबवणारे आणि गंज रोखणारे घटकही असतात. तेलशुद्धीकरण कारखान्यातच पेट्रोलमध्ये अशी रसायने थोड्या प्रमाणात घातलेली असतात. बाटलीतून आपण त्यांत भर घालतो, इतकेच. लोणच्यातील मिठासारखे हे काम आहे. मीठ लोणचे घालतानाच घालावे लागते, बुरशी आल्यावर कितीही घातले तरी लोणचे परत येत नाही. त्याचप्रमाणे स्टॅबिलायझर पंपावरून आणलेल्या ताज्या पेट्रोलमध्ये त्याच दिवशी मिसळावे लागते. नोव्हेंबरअखेर टाकीत उरलेल्या महिनाभर जुन्या पेट्रोलमध्ये ते ओतून विशेष काही साधत नाही, कारण उडून गेलेले हलके घटक ते परत आणत नाही आणि तयार झालेला डिंकही विरघळवण्यासाठी ते बनवलेले नसते.

आता इथेनॉलविषयी, कारण बाटल्यांच्या जाहिरातींत सर्वाधिक भय त्याचेच दाखवलेले असते. आपल्या पेट्रोलमध्ये सरासरी १० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट देशाने जून २०२२ मध्ये गाठले, फेब्रुवारी २०२३ पासून २० टक्क्यांचे पेट्रोल पंपांवर येऊ लागले आणि २०२५ पर्यंत ते देशभर रूढ झाले. इथेनॉल पाणी शोषते. मिश्रणात पाणी एका मर्यादेपलीकडे गेले की इथेनॉल आणि पाणी पेट्रोलपासून वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसतात. १० टक्क्यांच्या मिश्रणात ही मर्यादा लिटरमागे साधारण ५ मिलिलिटर पाण्याची आहे, २० टक्क्यांच्या मिश्रणात ती याहून जास्त आहे आणि तापमान उतरले की ती कमी होते. झाकण घट्ट असेल तर नुसत्या हवेतील दमटपणातून एवढे पाणी जमण्यास बराच काळ लागतो. प्रत्यक्षात पाणी शिरते ते पावसात उघड्यावर ठेवलेल्या यंत्राच्या झाकणातून, ओल्या फनेलमधून किंवा घाईघाईत धुऊन तसाच भरलेल्या कॅनमधून. तुमची यंत्रे भर पावसात चालतात, म्हणून याकडे तुम्ही अधिक लक्ष द्यायला हवे.

टू-स्ट्रोक इंजिनाच्या बाबतीत हा प्रकार केवळ न पेटण्यावर थांबत नाही. या इंजिनात वंगणासाठी पेट्रोलमध्येच मिसळले जाणारे टू टी ऑइल वरच्या पेट्रोलच्या थरात राहते, तर टाकीतील नळी तळाशी बुडालेली असते. त्यामुळे इंजिनाला तळातील पाणी मिसळलेले, ऑइल नसलेले द्रव मिळते, आणि अशा स्थितीत ते चुकून चाललेच तर पिस्टन आणि सिलिंडर घासून जाम होण्याचा धोका असतो. शंका असल्यास टाकीतील पेट्रोल स्वच्छ काचेच्या बाटलीत काढून तासभर स्थिर ठेवावे. तळाशी वेगळा थर किंवा गढूळपणा दिसल्यास ते यंत्रात परत घालू नये. एकदा वेगळे झालेले मिश्रण कोणतेही स्टॅबिलायझर पूर्ववत करत नाही, बाटलीवर काहीही छापलेले असो.

तेव्हा हंगामाच्या शेवटच्या दिवशी टाकी पूर्ण रिकामी करावी, प्रायमरचा रबरी फुगा दाबून नळीतील पेट्रोल टाकीत परत आणून तेही काढावे, आणि मग यंत्र सुरू करून, ॲक्सिलरेटर न दाबता, आपोआप बंद पडेपर्यंत मंद गतीने चालू द्यावे. वेग वाढवून रिकामे करण्याची घाई करू नये, कारण पेट्रोलबरोबरच वंगणही संपत असते. यानंतर प्लग काढून सिलिंडरमध्ये चमचाभर टू टी ऑइल सोडावे, दोरी तीन-चार वेळा हलक्या हाताने ओढावी आणि प्लग परत बसवावा. काही मेस्त्री म्हणतात की कार्बोरेटर कोरडा ठेवल्यास त्यातील डायफ्राम (लवचिक पडदा) कडक होतो. यात तथ्य नाही असे नाही, परंतु डायफ्राम हा सहज मिळणारा आणि बदलता येणारा भाग आहे. डिंकाने बुजलेल्या आतल्या वाटा मोकळ्या करणे त्याहून जिकिरीचे असते, म्हणून मी कोरड्याच्या बाजूने आहे.

ऑइल मिसळलेले पेट्रोलही गरजेपुरतेच तयार करावे. तुमच्या यंत्राचे प्रमाण ५० ला १ असेल तर लिटरला २० मिलिलिटर आणि २५ ला १ असेल तर ४० मिलिलिटर ऑइल लागते. मिश्रण एकेका लिटरचेच केले तर शेवटी उरणार किती?

प्रश्न : आम्ही दापोलीजवळ राहतो. जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर आमच्या गावात बरेच दिवस वीज नव्हती, म्हणून घरासाठी पेट्रोलवर चालणारा छोटा जनरेटर घेतला. तो वर्षातून फार तर तीन-चार वेळा लागतो, परंतु लागतो तेव्हा तत्काळ लागतो. त्याची टाकी रिकामी ठेवून कसे चालेल?

उत्तर : नाही चालणार, आणि स्टॅबिलायझरचा खरा उपयोग तुमच्यासारख्यांनाच आहे. वादळात पंपही बंद असतात, त्यामुळे पेट्रोल घरात असणे भाग आहे. मेअखेर ताजे पेट्रोल आणावे आणि बाटलीवर दिलेल्या मात्रेत स्टॅबिलायझर मिसळावे. मात्रा उत्पादनागणिक बदलते. एका प्रचलित प्रकारात ती १० लिटरला सुमारे ३० मिलिलिटर असते. अधिक घातल्याने अधिक टिकेल असे समजू नये. आधी कॅनमध्ये स्टॅबिलायझर आणि त्यावर पेट्रोल ओतले की ते नीट मिसळते. टाकी जवळपास भरावी, म्हणजे आत हवा कमी राहते. मात्र उन्हाने पेट्रोल फुगते, त्यासाठी थोडी जागा सोडावी. त्यानंतर जनरेटर दहा मिनिटे चालवावा. ही पायरी अनेक जण गाळतात आणि मग टाकीतील पेट्रोल सुरक्षित, पण कार्बोरेटरमध्ये मात्र जुनेच, अशी अवस्था होते.

तुमच्या जनरेटरचा कार्बोरेटर फ्लोटचा असेल, म्हणजे त्याच्या खालच्या वाटीत थोडे पेट्रोल साठते आणि तरंगता फ्लोट त्याची पातळी राखतो. काम झाल्यावर पेट्रोलचा नळ बंद करून इंजिन आपोआप थांबू द्यावे आणि खालच्या वाटीचा ड्रेन स्क्रू सैल करून उरलेले पेट्रोल काढून टाकावे, कारण इंजिन थांबले तरी जेटच्या खालच्या पातळीवर थोडे पेट्रोल शिल्लक राहतेच. माझ्या अनुभवात जनरेटर बिघडण्याचे मूळ टाकीपेक्षा या वाटीतच अधिक वेळा सापडले आहे.

महिन्यातून एकदा अर्धा तास पंखे, दिवे किंवा पंप यांचा भार देऊन जनरेटर चालवावा. अर्थात घराबाहेर आणि खिडक्यांपासून दूर, कारण त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो आणि तो जीवघेणा असतो. बाटलीवर दोन वर्षांचे आश्वासन असले तरी आपल्या उकाड्यात मी सहा महिन्यांपलीकडे विसंबणार नाही. पावसाळा सरल्यावर उरलेले पेट्रोल स्वच्छ दिसत असेल तर स्कूटरच्या टाकीत ताज्या पेट्रोलबरोबर थोडे थोडे वापरून टाकावे आणि पुढच्या मे महिन्यात नवीन भरावे. जनरेटरच्या माहितीपुस्तिकेत १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल असे लिहिलेले असेल, तर पेट्रोलच्या रबरी नळ्या दरवर्षी वाकवून पाहाव्यात. फुगलेली, चिकट झालेली किंवा भेगाळलेली नळी बदलावी. रबराला स्टॅबिलायझर वाचवत नाही.

साठ्याबाबत एक सूचना. स्वतःच्या वापरासाठी विनापरवाना पेट्रोल बाळगण्याची कायद्यातील मर्यादा एकूण ३० लिटर आहे. ते पाण्याच्या प्लास्टिक बाटल्यांत नव्हे, तर घट्ट झाकणाच्या धातूच्या कॅनमध्ये, देव्हारा आणि चूल यांपासून दूर ठेवावे.

प्रश्न : पेट्रोल टिकावे म्हणून आमच्याकडे काही जण त्यात डांबराच्या गोळ्या टाकतात. महागड्या बाटलीऐवजी हा उपाय योग्य आहे का?

उत्तर : मुळीच नाही. डांबराची गोळी नॅफ्थॅलिनची असेल तर ती पेट्रोलमध्ये विरघळते, परंतु ऑक्सिडीकरण रोखत नाही. उलट पेट्रोल उडून गेल्यावर तिचे स्फटिक जेटमध्येच बसू शकतात. बाजारातील अनेक गोळ्या नॅफ्थॅलिनच्या नसून क्लोरीनयुक्त संयुगाच्या असतात. त्या जळताना आम्ल तयार होते आणि ते आतील धातू खाते. पेट्रोलमध्ये पाणी घालून इथेनॉल धुऊन काढण्याचा प्रकारही असाच टाळावा, कारण त्यात ऑक्टेन, म्हणजे इंजिनात ठोके न पडू देण्याची पेट्रोलची क्षमता, घटते आणि उरलेल्या पेट्रोलमध्ये पाण्याचा अंश राहतो. बाटलीवर खर्च करायचा नसेल तर पहिल्या उत्तरात सांगितल्याप्रमाणे टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करावेत. त्याला एक रुपयाही लागत नाही.