हाताखालच्या सगळ्या माणसांशी सारखंच वागावं का?

तुम्ही नुकतेच सुपरवायझर झालात, हाताखाली चौदा माणसं आहेत. वरून सांगतात, सगळ्यांना एकच न्याय. तसं वागलं की निम्मे रुसतात आणि निम्मे ऐकत नाहीत. मग करावं काय, असा तुमचा प्रश्न.

मी हिंगणघाट तालुक्यात एका जिनिंगवर, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, मॅनेजर आहे, हा अकरावा हंगाम. पहिल्या हंगामात माझंही 'सब घोडे बारा टक्के' होतं, आणि ते चांगलंच अंगाशी आलं.

आमचे फिटर काका तेव्हाच पन्नाशीच्या पुढचे. रेच्याच्या, म्हणजे सरकी काढायच्या मशीनच्या, आवाजावरून सांगायचे, कोणत्या रोलरला काय झालं. मी नवा नवा, मशीनचं पुस्तक वाचून आलेलो. चार जणांसमोर त्यांना पात्याचं सेटिंग कसं ठेवायचं ते शिकवलं. ते वाद घालतील असं वाटलं होतं, तर "हाव सायेब" म्हणून त्यांनी मी सांगितलं तस्संच केलं. संध्याकाळी पाहतो तर सरकी तुटून तिचे तुकडे रुईत. त्या लॉटचा भाव पडला. मी विचारलं, "काका, तुम्हाला माहीत नव्हतं का असं होईल म्हणून?" तर म्हणाले, "मायीत होतं ना. पण तुमीच सांगतलं."

तेव्हापासून काकांना मी फक्त एवढंच सांगतो: रात्रीपर्यंत हा माल निघाला पाहिजे, आज कापसात ओल जरा जास्त आहे. कसं काढायचं, ते त्यांचं ते पाहतात.

एवढ्यावर मी स्वतःला शहाणा समजू लागलो, आणि तीच मात्रा आयटीआय करून आलेल्या पोराला दिली. "तू बघून घे." ते पोरगं विचारायलाच भ्यायचं. पट्टा घसरत होता, मोटर तापत होती, हा नुसता तिथं उभा. मोटर जळाली. मी त्याच्यावर ओरडलो, पण खरं तर चूक माझीच होती. मग रोज सकाळी त्याला काम सांगायचं, त्याच्याच तोंडून परत वदवून घ्यायचं आणि दिवसातून दोनदा जाऊन पाहायचं, असं सुरू केलं. संक्रांतीपर्यंत दोनदाचं एकदा झालं. शिमग्याला तर मी त्याच्याकडे फिरकतही नव्हतो.

हर्सी आणि ब्लँचर्ड या दोन अमेरिकन माणसांनी १९६९ मध्ये साधारण हेच मांडलं होतं. माणसाला ते काम किती येतं आणि ते करायची त्याची तयारी किती, हे पाहून ठरवायचं की नुसतं सांगायचं, समजावायचं, सोबत बसून ठरवायचं की सोपवून मोकळं व्हायचं. लोक यावरून माणसांच्या कपाळावर शिक्के मारतात: हा कडक वागवण्यातला, हा गोडीगुलाबीचा. मला त्यातला 'ते काम' हा शब्द मोलाचा वाटतो. कारण आमच्याकडे नवं कंट्रोल पॅनल आलं तेव्हा तेच काका बटणाला हात लावायला तयार नव्हते. "मायाच्यानं नाई होत, सायेब." रेच्यावरचा उस्ताद इथं पहिलीतला पोरगा. त्यांना शिकवायला मी त्या आयटीआयवाल्यालाच लावलं, तेही जेवणाच्या सुट्टीत, आजूबाजूला कोणी नसताना. चार लोकांत शिकवलं असतं तर काका शिकले नसते.

कापसाच्या गंजीवर काम करणाऱ्या बायांना तर मी थेट काही सांगतच नाही. जी मावशी त्यांना गावातून घेऊन येते, तिच्याशी बोलतो. कोणाच्या घरी पाणी भरायचं राहिलं, कोणाचं लेकरू आजारी, हे तिला ठाऊक असतं. मी उशिरा आल्याची अर्धी हजेरी कापायचो तेव्हा बाया दुसऱ्या जिनिंगवर जाऊ लागल्या होत्या. वेळ अर्धा तास पुढे सरकवली आणि विषय संपला.

आता तुमची खरी अडचण. वेगळं वागलात की कोणीतरी म्हणणारच, "त्यायचे लाड, आमाले कायदा." आमचा आयटीआयवाला म्हणालाच होता. म्हणून तीन गोष्टींत मी कोणासाठी तसूभरही हलत नाही: मजुरी, उचल आणि आग. उचल किती आणि कधी, ते भिंतीवर लिहिलेलं आहे. आगीचं तर तुम्हाला सांगायला नको, कापसाच्या गंजीला एक ठिणगी पुरते. सुपारी-तंबाखूचा खर्रा खा, मी डोळेझाक करीन. बिडी-माचीस आत चालणार नाही.

तिसऱ्या हंगामात काकाच गंजीमागे बिडी पेटवताना सापडले. ऐन भरातला दिवस, बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग, आणि फिटर तेवढे एकच. तरी मी त्यांना घरी पाठवलं, त्या दिवसाची मजुरी कापली. माल निघायला रात्रीचे दोन वाजले, मालकाच्या शिव्या खाल्ल्या त्या वेगळ्या.

दुसऱ्या दिवशी काका आले. गेटवर खिशातली माचीस काढून चौकीदाराच्या हातात दिली आणि माझ्याकडे न पाहता आत गेले. तीन दिवस बोलले नाहीत. लाडाची गोष्ट मात्र त्या पोरानं पुन्हा काढली नाही.